माळावरचे दिवस

ब्राह्मणाच्या घरांत बंदूक कशी, असा प्रश्न वाचकांपैकीं कित्येकांच्या मनांत उभा राहील. आमच्या आजोळीं ती होती खरी. मात्र तिचा मुक्काम ओसरीवर, कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटामागें. माजघराचा उंबरठा तिनें कधीं ओलांडला नाहीं. मामा करमाळ्यास वकिली करीत. आठवडाभर काळा कोट घालून पक्षकारांचीं गाऱ्हाणीं ऐकावयाचीं आणि सुटीच्या दिवशीं खाकी तुमान चढवून माळ तुडवावयाचा, असा त्यांचा परिपाठ असे.

१९५८ पासून पुढें पांच-सहा हिवाळे मी कॉलेजची सुटी साधून पुण्याहून त्यांच्याकडे जात असें. रात्रीच्या पॅसेंजरनें जेऊर स्टेशनवर उतरावें, तों मामांची बैलगाडी उभीच असावयाची. गाडींत कडबा पसरलेला, त्यावर घोंगडी, आणि मामीनें बांधून दिलेलें गांठोडें. त्यांत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. शिवाय चार कांदे आणि तिखटमिठाची एक वेगळी पुडी. चटणी असतांना आणखी तिखट कशाला, हा प्रश्न त्या वयांत मला सुचला नाहीं. मारलेल्या तित्तरांचें पुढें काय होई, हें मात्र आतां उघड सांगून टाकतों. ते ओढ्याकाठीं तीन दगडांच्या चुलीवर शिजत, आणि घरीं परतण्यापूर्वीं आम्ही मामा-भाचे विहिरीवर स्नान करून शुचिर्भूत होत असूं. मामीला यांतलें कांहींएक ठाऊक नाहीं, अशी आमची पक्की समजूत होती.

भीमेच्या बाजूचा तो माळ परक्याला उजाड वाटावा असाच होता. गुडघाभर कुसळी गवत, मधून मधून बोरी-बाभळी, दूर कोठें शाळवाचा हिरवा पट्टा. परंतु सकाळीं पाणवठ्याशीं झुडपाआड निमूट बसून पाहावें! सूर्योदयानंतर दीड-दोन तास लोटले, कीं पखुर्ड्यांचे थवे घड्याळ लावल्यासारखे पाण्यावर उतरत, चार घोट घेत आणि भर्रकन् उडून जात. नर आपल्या पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून दूर माळावरच्या पिलांसाठीं पाणी नेतो, हें मला मामांनींच प्रथम दाखविलें. असा नर ज्या दिवशीं दृष्टीस पडे, त्या दिवशीं त्या पाण्यावर बार काढावयाचा नाहीं, असा त्यांचा दंडक असे. त्यांचे दंडक पुष्कळ होते. बसलेल्या पक्ष्यावर बार नाहीं, मादीवर नाहीं, आणि दिवस मावळल्यावर तर मुळींच नाहीं.

आमचा वाटाड्या एक म्हातारा फासेपारधी होता. पारध्यांवर इंग्रजी अमदानींत गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. पुढें कायदा रद्द झाला, शिक्का राहिला. चोरीच्या एका खटल्यांतून मामांनीं फी न घेतां त्याची सुटका केली होती. तो फाशांनीं तित्तर जिवंत धरी आणि आमच्या काडतुसांच्या खर्चाला हंसे. काळविटाजवळ जाण्याची युक्ति त्याचीच. मोकळ्या माळावर पायीं माणूस दिसतांच कळप उधळतो, पण बैलगाडीला तो भीत नाहीं. तेव्हां गाडी थेट कळपाकडे न हांकतां वळसे घेत घेत वर्तुळ लहान करीत आणावयाची, आणि आपण चाकाच्या आड वांकून चालावयाचें.

१९६३ च्या जानेवारींत अशाच एका संध्याकाळीं मी एकटा गाडीआड होतों. मामा ओढ्याच्या पलीकडे बसलेले. सूर्य बुडाला होता. कळपांतला काळा नर मान उंच करून उभा राहिला. शंभर पावलांवर दुनळीचा भरंवसा नसतो, हें ठाऊक असूनहि मीं चाप ओढला. नर गुडघ्यांवर आला, उठला आणि कळपामागें दिसेनासा झाला.

मामा आले. रागावले नाहींत. “कोठें लागली?” एवढेंच त्यांनीं विचारलें. मग कंदील पेटवून आम्ही गवताच्या काड्यांवरचे रक्ताचे थेंब शोधीत निघालों. थंडी हाडांत शिरत होती. मध्यरात्रीच्या सुमारास मीं सकाळीं पुन्हा येण्याची गोष्ट काढली. मामा म्हणाले, “तुला परतावयाचें असेल तर गाडी जुंपून देतों.” त्यांना दम्याचा विकार होता, त्यांचा श्वास मला अंधारांत ऐकूं येत होता.

उजाडतां उजाडतां पारध्यानें हात वर केला. एका नाल्यांत बाभळीखालीं तो नर बसला होता, जिवंत. मामांनीं स्वत:ची बंदूक माझ्या हातीं दिली आणि ते पाठ करून उभे राहिले. तें काम मलाच उरकावें लागलें.

पुढील हिवाळ्यांत त्यांचें पत्र नेहमींप्रमाणें आलें. मी गेलों. बंदूक मीं मागितली नाहीं, त्यांनीं दिली नाहीं. ओसरीवर माझ्यासाठीं एक जुनी दुर्बीण काढून ठेवलेली होती. ती अद्याप माझ्याकडे आहे.

१९७२ सालीं वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि मामांनीं बंदूक सरकारजमा केली. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. आमचे कित्येक पाणवठे त्याच्या फुगवट्याखालीं गेले, आणि आतां भिगवणजवळ तेथेंच रोहित पक्षी उतरतात. त्याच वर्षीं शेजारच्या कर्जत तालुक्यांत रेहेकुरीला काळविटांसाठीं अभयारण्य झालें. अवघें सव्वादोन चौरस किलोमीटरांचें, पण तेथें कळप अजून दिसतात.

मामा गेल्यावर कांहीं वर्षांनीं मी मामीला भेटावयास गेलों. ती ऐंशीच्या घरांत होती, दृष्टि मंदावलेली. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मी निघतांना हात धरून तिनें हळूच विचारलें, “कां रे, तें पुडींतलें तिखट तुम्हां दोघांना पुरत असे ना?”