चित्रातली कुऱ्हाड

२१ एप्रिल १९५४. बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सचे प्रकाशक विल्यम गेन्स साक्ष देत होते. सिनेटर केफॉवर यांनी त्यांच्याच एका मासिकाचं मुखपृष्ठ पुढे धरलं. चित्रातल्या माणसाच्या एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड, दुसऱ्या हातात केसांना धरलेलं बाईचं मुंडकं. हे अभिरुचीला शोभतं का? भयकथेच्या मुखपृष्ठाला शोभतं, असं गेन्स म्हणाले. त्या उत्तराने कॉमिक्सवाल्यांची बाजू कोसळलीच.

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फ्रेडरिक वर्थम यांचीही साक्ष त्याच दिवशी झाली. कॉमिक्समुळे मुलं गुन्ह्यांकडे वळतात, हे सांगणारं त्यांचं पुस्तक नुकतंच आलं होतं. वर्थम हे कुणी सोवळे उपदेशक नव्हेत. १९४६पासून हार्लेममधल्या एका चर्चच्या तळघरात ते गरिबांसाठी, मुख्यतः कृष्णवर्णीयांसाठी, मानसोपचार केंद्र चालवत होते. वेगळ्या शाळांत कोंबल्याने कृष्णवर्णीय मुलांच्या मनाला कशी इजा होते, हे त्यांनी न्यायालयात सांगितलं होतं. अशा माणसाचा शब्द लोकांनी मानला, यात नवल नाही. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर कडक नियमावली लादून घेतली. ‘हॉरर’ हा शब्द शीर्षकातून हद्दपार झाला. गेन्स यांच्या मासिकांपैकी पुढे ‘मॅड’ तेवढं टिकलं.

ही लाट भारतातही पोचली. ब्रिटनने १९५५मध्ये, तर आपण १९५६मध्ये लहानांसाठी घातक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदा केला.

वर्थम यांची कागदपत्रं २०१०मध्ये अभ्यासकांना खुली झाली. त्यांपैकी कॅरल टिली यांनी ती पुस्तकाशी ताडून पाहिली आणि २०१२मध्ये निष्कर्ष छापले. वर्थम यांनी मुलांची वयं बदलली होती, दोघांचं बोलणं एकाच्या तोंडी घातलं होतं. शाळा बुडवणाऱ्या एका तेरा वर्षांच्या मुलीचं खापर त्यांनी कॉमिक्सवर फोडलं. तिला नीट वाचता येत नव्हतं, ती टोळीत सामील होती, घरातून पळाली होती, हे मात्र गाळलं. मला याचाच अधिक राग येतो. गरिबी आणि वर्णभेद मुलांचं काय करतात हे ज्याने रोज पाहिलं, त्यानेच ते झाकलं.

मग चित्रांचा परिणामच होत नाही का? होतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६३मध्ये बालवाडीतल्या मुलांना हवा भरलेल्या बाहुलीला बदडणारी माणसं दाखवली. काहींना पडद्यावर, मांजराच्या वेशात, कार्टूनसारखी. नंतर मुलांसमोर छान खेळणी ठेवून ती काढून घेतली. चिडलेली मुलं बाहुलीवर तुटून पडली, आणि काहीच न पाहिलेल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त. अनुकरण खरं आहे, आणि लहान वयात ते जोरात असतं. म्हणून चार वर्षांच्या पोराने काय पाहावं याची काळजी घरच्यांनी घेतलीच पाहिजे. पण ती बाहुली मारण्यासाठीच बनवलेली होती. खेळघरातल्या त्या ठोशापासून खऱ्या सुऱ्यापर्यंतचं अंतर त्या प्रयोगाने मोजलेलं नाही. शिवाय नियमावलीने कॉमिक्स सोज्ज्वळ झाली, तरी १९६०नंतरच्या दीड दशकात अमेरिकेतल्या खुनांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं.

टीव्हीवरचा ‘शक्तिमान’ वाचवायला येईल म्हणून मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या आपल्याकडेही छापून आल्या. आजही एखादा पोरगा हिंसक वागला की बातमीत कार्टूनचं किंवा गेमचं नाव आधी येतं. त्याच्या घरात मारझोड होती का, शाळा कधी सुटली, हत्यार कुणी हाताशी ठेवलं, हे पत्रकाराने त्याच दिवशी विचारायला हवं.