गुडघा दुखतो, सायकल चालवू का?

आमच्या गल्लीत एक मामा राहतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांनी तीस वर्षे लेथवर काम केले. सायकलने जायचे, सायकलने यायचे. वाटेत दहा जणांना हाक मारायचे. पुढे काम सुटले. उजवा गुडघा दुखू लागला. सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. चाकांतली हवा गेली. चेनला गंज चढला.

मामांचेही तसेच झाले. दिवसभर खाटेवर बसून राहू लागले. तालमीच्या कट्ट्यावर जाईनात. जेवणाला चव लागेना, रात्री झोप येईना. एक दिवस मामी मला म्हणाल्या, "गुडघा दुखतोय त्ये कळतंय वो. पर माणूस बोलंनाच झालाय, त्येला काय करायचं?"

मामींनी नेमके ओळखले होते. दुखणे आणि उदासी एकमेकांचा हात धरून येतात. गुडघा दुखतो म्हणून माणूस बसतो. बसून मांडीचे स्नायू कमजोर होतात. मग शरीराचा भार सांध्यावर जास्त येतो आणि गुडघा आणखी दुखतो. ऊन मिळत नाही, माणसे भेटत नाहीत. मन खचते. खचलेल्या मनाला तेच दुखणे दुप्पट वाटते.

मामांनी डॉक्टरांना गुडघा दाखवला. झीज झाली होती, पण हाड मोडले नव्हते की सूज नव्हती. डॉक्टर म्हणाले, "बसून राहू नका. सपाट रस्त्यावर सायकल चालवा." मामांना वाटले, डॉक्टर चेष्टाच करताहेत!

पण ती चेष्टा नव्हती. उद्यमनगरच्या माणसाला हे लवकर कळेल. इंजिन बरेच दिवस बंद ठेवले तर चालू करताना कुरकुरते. सांध्यातही वंगणासारखा एक द्रव असतो. सांध्यातल्या मऊ कूर्चेला रक्ताच्या नळ्या नसतात. तिला अन्न मिळते ते याच द्रवातून, आणि सांधा हलला म्हणजे तो द्रव खेळता राहतो. शिवाय सायकलवर आपला बराचसा भार सीटवर असतो. धावताना बसतात तसे हादरे गुडघ्याला बसत नाहीत. मांडी मात्र काम करते आणि बळकट होते.

आम्ही सायकल मिस्त्रीकडे नेली. त्याने मामांना वर बसवले आणि हसू लागला. "मामा, शीट किती खाली हाय! गुडघं छातीला लागत्यात की. दुखणार न्हाईत तर काय?"

त्याचे म्हणणे खरे होते. पुष्कळ जण दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात. मग गुडघा फार वाकतो आणि पुढच्या बाजूला, वाटीपाशी, दुखतो. सीट फार उंच झाली तर पाय ताणला जातो आणि गुडघ्याची मागची बाजू दुखते. माप सोपे आहे. सीटवर बसा. भिंतीचा आधार घ्या. पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. आता टाचेऐवजी चवडा ठेवा. गुडघा किंचित वाकलेला राहील. तीच बरोबर उंची. कंबर किंवा मान दुखत असेल तर हँडल थोडे वर घ्या. पाय उचलून दांडीवरून टाकणे जमत नसेल, तर दांडी नसलेली बायकांची सायकल घ्या. त्यात कसली लाज?

चाकातली हवाही बघा. पहिल्या सायकलींना लाकडी चाके आणि वर लोखंडी धाव असे. त्या हाडे खिळखिळी करतात असे लोक म्हणत. १८८७-८८ च्या सुमारास आयर्लंडात बेलफास्ट शहरी जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेल्या रबरी धावा बसवल्या. तेव्हापासून कंबरेचे हादरे पुष्कळ वाचले. खड्डे मात्र आपल्यालाच चुकवावे लागतात!

पहिल्या दिवशी मामा दहाच मिनिटे फिरले. संध्याकाळी, रंकाळ्याच्या बाजूच्या सपाट रस्त्यावर. पायडल जोराने दाबायचे नाही, हलके आणि भरभर फिरवायचे. चढ आला की खाली उतरायचे. चवथ्या दिवशी त्यांना जुना सोबती भेटला. दोघे काठावर बसून तासभर बोलले. त्या रात्री मामा लवकर झोपले, असे मामींनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम सांगितले.

सायकलने मन हलके होते ते असे. शरीर हलले की मेंदूत मन प्रसन्न करणारी द्रव्ये वाढतात. झोप सुधारते. आणि माणूस माणसांत येतो. हे तिसरे मला सर्वांत मोठे वाटते.

पण बरे वाटले की हुरूप चढतो. तीन आठवड्यांनी मामा शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागले. केर्लीच्या पुढे चढ लागला, तरी उतरले नाहीत. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. "झालं! आता सायकल विकून टाका," असे म्हणून पुन्हा खाटेवर. चार दिवसांनी सूज उतरली आणि मिस्त्रीनेच त्यांना घरून ओढून आणले. पुन्हा दहा मिनिटांपासून सुरुवात.

तेव्हा हिशेब असा ठेवा. चालवताना थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत थांबले, तर काळजी नको. दुसऱ्या दिवशीही जास्त दुखत राहिले, तर पुढच्या वेळी निम्मेच चालवा. सांधा सुजून गरम झाला, पायाला मुंग्या येऊन बधिरपणा राहिला, तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखले किंवा घेरी आली तर तिथेच उतरा, आणि दवाखान्याला उशीर करू नका. मोठ्या माणसाने आठवड्यातून निदान १५० मिनिटे अंग हलवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती एकदम गाठायची नसतात.

आणि मन फारच काळवंडले, जगणे नकोसे वाटू लागले, तर एकट्या सायकलवर विसंबू नका. १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सरकारची ही फुकट सोय २०२२ साली सुरू झाली. तिथे मराठीतही बोलता येते.

मामांचा गुडघा अजून दुखतो. मांडी घालून बसता येत नाही, पंगतीला खुर्ची लागते. पावसाळ्यात पंचगंगेला पूर येतो, रस्ते निसरडे होतात, तेव्हा सायकल घरात असते. मग ते खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करतात, मनात पाच आकडे मोजतात आणि खाली सोडतात. मांडीला तेवढे काम मिळते. समोर मामी तांदूळ निवडत असतात. "पाच न्हवं, तीनच मोजलं तुमी," म्हणतात. त्यावरून दोघांचे भांडण चालू असते.