रिकाम्या खुर्चीशी संवाद

समुपदेशन म्हणजे बसून सल्ला ऐकणं, एवढंच जळगाव-धुळ्यात अनेकांना ठाऊक असतं. पण अनुभवाधारित उपचारांत माणूस नुसता बोलत नाही, करून पाहतो. गेलेल्या वडिलांना सांगायचं राहिलेलं तो रिकाम्या खुर्चीला सांगतो. घरातलं भांडण गटासमोर उभं करतो आणि क्षणभर बायकोच्या जागी उभा राहतो. शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नात याकोब मोरेनो यांनी हे मनोनाट्य रुजवलं. १९८६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या ‘मुक्तांगण’ केंद्रातही व्यसनमुक्तीसाठी गटचर्चेला योग आणि संगीताची जोड आहे.

अशा उपचारांसोबत ‘होलिस्टिक’ हा शब्दही कानावर येतो. ‘होलिस्टिक’ म्हणजे झोप, श्वास, शरीर, घरची माणसं या सगळ्यांचा विचार. पण भास होत असतील, जीव द्यावासा वाटत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञच गाठायला हवा. चालू गोळ्या परस्पर बंद करायला सांगणारा उपचारक टाळाच. चिकित्सा मानसतज्ज्ञ म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असावी लागते. ती विचारायला संकोचू नका.

खासगी फी परवडत नसेल, तर जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे पर्याय आहेत. घरूनच बोलायचं असेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही चालू असतो.