श्रीगोंद्याच्या भजनातली पेटी आणि मृदंग

हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकनं 1937 साली दोन पियानो आणि तालवाद्यांसाठी सोनाटा लिहिला. श्रीगोंद्याच्या भजनातही अशीच जोडी: पट्ट्यांचं वाद्य म्हणजे पेटी आणि तालवाद्य म्हणजे मृदंग. त्यात पेटी उशिरा आलेली. संतकवी शेख महंमद महाराजांची समाधी याच गावात. त्यांनी ‘योगसंग्राम’ रचला सतराव्या शतकात. हार्मोनियमचं, म्हणजे पेटीचं, पेटंट पॅरिसच्या देबँनं घेतलं 1842 मध्ये. महाराजांच्या भजनाला पेटी ठाऊकच नव्हती. तरी आज मिजास तिचीच.

कारण पेटीचा सूर हलत नाही. पितळी रीड एकदा लावली की लावली. चामडं मात्र लहरी, पावसाळ्यात उतरतं, उन्हात चढतं. म्हणून जुळवून घेणं कायम मृदंगाच्या वाट्याला. पेटीवाला काळी एकचा षड्ज धरून भाता मारत राहतो. मृदंगवाला शाईच्या पुडीवर बोट मारून ऐकतो, हातोडीनं गजऱ्यावर हलकेच ठोकतो, पुन्हा कान लावतो. फरक मोठा असला तर वादीखालचे गठ्ठे सरकवायचे. डाव्या पुडीवर मळलेली कणीक थापायची. ती जास्त झाली तर आवाज खाली जातो, मग थोडी खरवडून काढायची. वाजवणं संपलं की सगळी कणीक काढून टाकतात.

पुढचं काम दोघांचं. गायक श्वासासाठी थांबला की पेटी सूर धरून ठेवते. पियानोला हे जमत नाही. हातोडी तारेवर पडली की त्याचा स्वर विरायलाच लागतो. अभंग चढीला लागला, टाळकरी पळू लागले, की लय आवरायची ती मृदंगानं. जाणता पेटीवाला अशा वेळी भरणा कमी करून थापेला वाट देतो. ही समज शिकवून येत नाही, वर्षानुवर्षं शेजारी बसून येते. कुमार गंधर्वांच्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत गोविंदराव पटवर्धनांची पेटी आणि वसंतराव आचरेकरांचा तबला ऐकताना तेच जाणवतं.

आकाशवाणीनं मात्र 1940 ते 1971 पेटीला दाराबाहेर ठेवलं. तिला मींड येत नाही, श्रुती सापडत नाहीत, हा आक्षेप. तो खोटा नव्हता. पण भजनी मंडळांनी पेटी काही रेडिओला विचारून घेतली नव्हती. वीसपंचवीस टाळांच्या कल्लोळात श्रुती शोधणार कोण? तिथं सगळ्यांना ऐकू जाईल असा एक ठाम सूर हवा होता, आणि मृदंगाला लावून घ्यायला तोच पुरत होता.