विश्लेषण : संगणक ‘फॉरमॅट’ करण्याची खरेच गरज आहे का?

विष्णुपुरी म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, अभियांत्रिकी संस्था आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर. इथे लॅपटॉप म्हणजे कुणाचा प्रबंध, कुणाचा प्रकल्प अहवाल. तो मंदावला, की पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘फॉरमॅट मारून टाका.’ त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार संपल्याने हा प्रश्न घरोघरी आला आहे.

फॉरमॅट केल्याने नेमके काय होते?

डिस्कवरचा मजकूर काढून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकली जाते. बिघडलेली सिस्टीम फाइल, हट्टी व्हायरस, साठलेला सॉफ्टवेअरचा कचरा यांवर हा उपाय चालतो. पण डिस्कच खराब होत असेल, तर फॉरमॅटने ती दुरुस्त होत नाही. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फाइल उघडताना वारंवार अडत असेल, तर आधी डेटा दुसरीकडे घ्यावा. मग डिस्क बदलावी.

संगणक फक्त मंद असेल तर?

तर फॉरमॅट हा शेवटचा उपाय. सी ड्राइव्ह भरला आहे का, हे पाहावे. संगणक सुरू होताच किती प्रोग्राम आपोआप चालू होतात, हे टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्यास फरक लगेच जाणवतो. नुसत्या फॉरमॅटने आलेला वेग मात्र सॉफ्टवेअर पुन्हा भरले की ओसरतो.

मोठ्या संस्थांनी काय केले?

दोन घटना बोलक्या आहेत. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’च्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांवर निळा पडदा आला. तिथे सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढणे पुरेसे होते. फॉरमॅटची गरज नव्हती.

याउलट २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या हल्ल्याने मर्स्क कंपनी कोलमडली. नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही अडले. फाइल परत मिळवण्याचा मार्गच नव्हता. कंपनीने दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणकांवर सगळे नव्याने टाकले. त्यासाठी लागणारी एक कळीची प्रत मिळाली ती घानातील कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्याने तो सर्व्हर बंद होता, म्हणून वाचला. बॅकअप संगणकाला कायम जोडलेला नसावा, तो याचसाठी.

मग फॉरमॅट केव्हा करावा?

व्हायरस काढूनही परत येत असेल, विंडोज सुरूच होत नसेल आणि दुरुस्तीचे पर्याय संपले असतील, किंवा संगणक विकायचा असेल, तेव्हा. त्याआधी ‘रिसेट धिस पीसी’मधील फाइल ठेवण्याचा पर्याय वापरता येतो. त्यात सॉफ्टवेअर जाते, वैयक्तिक फाइल राहतात. तरीही बॅकअप हवाच.

विंडोज १० असलेल्यांनी काय करावे?

आधार संपला म्हणजे संगणक बंद पडला असे नाही. मात्र सुरक्षेची अपडेट थांबतात. वैयक्तिक वापरासाठीची वाढीव अपडेट योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.०, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि पात्र प्रोसेसर लागतो. पात्र संगणकावर हे अपग्रेड मोफत आहे आणि त्यासाठी फॉरमॅट करावे लागत नाही. अपात्र जुन्या संगणकावर लिनक्स टाकता येते. तिथे मात्र आधी बॅकअप, मग फॉरमॅट.

लोक कुठे फसतात?

‘माझे सगळे डी ड्राइव्हमध्ये आहे,’ असे अनेकांना वाटते. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात.

दुसरी अडचण खास मराठीची. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमधला प्रबंध नव्या विंडोजमध्ये उघडला, की निरर्थक अक्षरे दिसतात. मजकूर गेलेला नसतो, फॉन्ट गेलेला असतो. म्हणून फॉन्टच्या फाइल आणि परवाना आधीच जपावा.

तिसरी गोष्ट बिटलॉकरची. डिस्क कुलूपबंद असेल, तर रिकव्हरी की लिहून ठेवावी. तिच्याविना डेटा हाती लागत नाही. एसएसडी फॉरमॅट केल्यावर गेलेल्या फाइल परत मिळणे तर जवळजवळ अशक्यच असते.

दुकानात देण्याआधी काय पाहावे?

बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतल्यावर त्यातल्या चार-पाच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. मूळ परवाना असलेले विंडोज ११ किंवा १० त्याच मदरबोर्डवर पुन्हा टाकल्यास सहसा आपोआप सक्रिय होते. त्यामुळे ‘क्रॅक’ केलेली प्रत घेण्याचे कारण नाही. अशा प्रतीतून व्हायरस येण्याचा धोका असतो. विंडोज पुन्हा टाकणे हे दोन तासांचे काम आहे. तीन वर्षांचा प्रबंध पुन्हा लिहिणे तसे नाही.