कडीपाट, घोंगडी आणि कंदील

पितृपंधरवडा सरत आला की सातारा-सांगलीच्या गावांत ‘दसरा काढायची’ लगबग सुरू होते. वाकळा, घोंगडी, चादरी ओढ्यावर जातात, भांडी अंगणात येतात, माळ्यावरचं सामान खाली उतरतं आणि वर्षभर झाकलेल्या भिंती मोकळ्या दिसू लागतात. कुठला कोपरा ओला राहिला, कुठे पोपडे आले, कुठे वाळवी लागली, हे तेव्हाच कळतं. म्हणून पेंटरला बोलावणं आणि सुताराला निरोप याच दिवसांत जातो. घर सजवण्याचा इथला हंगाम दसऱ्याआधी सुरू होतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत चालतो.

गेली काही वर्षं या हंगामात दोन प्रवाह शेजारी-शेजारी वाहताना दिसतात. एक शहरी फ्लॅटचा: पीओपीचं छत, त्यात दडवलेल्या एलईडी पट्ट्या, टीव्हीमागे उभ्या पट्ट्यांचं पॅनेल, चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. दुसरा मागे वळणारा. करड्या-पांढऱ्या भिंतींच्या जागी मातकट, गेरूच्या, शेवाळी छटा येत आहेत. बाल्कनीत झोपाळा, दाराशी पितळी समई, देवघराला लाकडी महिरप. या दुसऱ्या प्रवाहाला हौस म्हणून सोडून देता येणार नाही. त्यातल्या कितीतरी गोष्टी इथल्या हवा-पाण्याच्या कसोटीला आधीच उतरलेल्या आहेत.

हे हवा-पाणी तरी किती तऱ्हेचं! एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात तो पाचशेच्या आतबाहेर राहतो. सांगलीत शिराळा हिरवागार, तर आटपाडी-जत कोरडे. म्हणून जावळी-पाटणकडे उतरती कौलं आणि पत्रे, महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांना जांभ्याच्या भिंती, आणि माणदेशात जाड भिंतींची, वर माती पसरलेली धाब्याची घरं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने पाटण खोऱ्याला आणखी एक धडा दिला. मातीत रचलेल्या जड दगडी भिंती हादऱ्याला टिकत नाहीत, हे तिथल्या लोकांनी फार मोठी किंमत देऊन पाहिलं. आज दर्शनी भिंतीला दगडाची पातळ चीप लावण्याची आवड वाढली आहे. ती लावताना मागचं बांधकाम आरसीसीचं आणि नीट बांधलेलं आहे ना, हे आधी पाहायला हवं.

जुन्या घराची खरी शाळा पाहायची तर वाईजवळ मेणवलीला जावं. नाना फडणविसांचा वाडा कृष्णेच्या काठावर उभा आहे. चौकामागून चौक, लाकडी खांब, चित्रं काढलेल्या भिंती. चौकातून आत उतरणारा उजेड पाहिला की दिवसा दिवा न लावता घर कसं उजळ ठेवायचं, ते समजतं. चौक, ओसरी, कोनाडा हे तिन्ही शब्द आता नव्या बंगल्यांच्या नकाशांत परतले आहेत. कोनाड्यात पणती ठेवली की वेगळ्या शोभेच्या दिव्याची गरज उरत नाही.

ठिकठिकाणचे वाडे मात्र उतरत आहेत. वाटण्या झाल्या, छपराची डागडुजी परवडेना, मग कडीपाट उतरवला जातो आणि सागवानाच्या तुळया, खांब, चौकटी विकल्या जातात. त्यातली एखादी गणेशपट्टी फ्लॅटच्या दारावर चढते, दाराच्या फळीचं जेवणाचं टेबल होतं, खांबाखालच्या दगडी तळखड्यावर तुळस ठेवली जाते. पिढ्यान् पिढ्या वाळलेलं हे लाकूड नव्या लाकडासारखं सहसा वाकत नाही, म्हणून जाणता सुतार त्याला हात लावताना जपतो. कडी-कोयंडा आणि उंबऱ्याची झीज तशीच ठेवावी. ती तासून, वर झगझगीत पॉलिश मारलं तर त्या घरातल्या माणसांच्या पावलांची खूण पुसली जाते.

सांगलीकरांचा फर्निचरचा विचार पुराने बदलला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गावभाग, टिळक चौक, सांगलीवाडीतल्या घरांत पाणी कित्येक दिवस राहिलं. २०२१ च्या जुलैत ते पुन्हा आलं. पाण्यात राहिलेलं पार्टिकल बोर्ड फुगून भुगा होतं, साधं प्लायवूड थराथराने सुटतं. कडप्प्याचा ओटा, शहाबादी फरशी, लोखंडी पलंग मात्र गाळ धुऊन पुन्हा वापरात येतात. नदीकाठच्या घराची सजावट या अनुभवातूनच ठरली पाहिजे: तळमजल्यावर दगड, स्टील आणि हलवता येईल असं सुटं सामान; विजेचे बोर्ड उंचावर; कपाटं भिंतीत ठोकलेली नकोत.

भिंतीवरच्या आणि जमिनीवरच्या कापडात माणदेशाची घोंगडी मानाने आली आहे. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर, खड्डामागावरची विणकाई, चिंचोक्याची खळ. काळ्या-करड्या लोकरीचा रंग मेंढीचाच, त्याला रंगाची गरज नाही. नवी घोंगडी हाताला खरखरीत लागते, लोकरीचा उग्र वास येतो. वापरता-वापरता ती मऊ होते. दिवाणावर, बैठकीवर किंवा भिंतीवर एक घोंगडी घातली की खोलीचा नूर पालटतो, आणि पैसा थेट विणकराच्या घरी जाऊ शकतो. औंधचं श्री भवानी संग्रहालय, १९३८ पासूनचं, भिंतीवर चित्र कसं शोभतं ते शिकवतं. तिथे राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत. त्यांच्याच छापखान्यातल्या तसबिरी एके काळी घरोघरी होत्या. आज त्या नव्या चौकटीत बैठकीत परत येत आहेत.

मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गौरी-गणपतीच्या मखरांचं रूप बदललं. पुठ्ठा, कापड, बांबू, कागदी फुलं यांचं मखर घडी घालून ठेवता येतं आणि दिवाळीत त्याचीच कमान दाराला लागते. बुरडाकडची सुपं, रोवळ्या, टोपल्या आता दिव्यांच्या शेड म्हणून टांगल्या जातात. टोपलीच्या विणीतून पडणारी जाळीदार सावली भिंतीला आपोआप नक्षी देते.

आणि अंगणात किल्ला. साताऱ्यात अजिंक्यतारा समोरच दिसतो, त्यामुळे बुरूज कुठे, तट कुठे यावर पोरांत वाद रंगतात. शिराळ्याकडे प्रचितगड होतो. वीट-दगडांवर ओलं पोतं, त्यावर लाल माती, मातीत हळीव नाहीतर मोहरी पेरायची. अंगण नसलेल्या सोसायट्यांत तो पार्किंगच्या कोपऱ्यात उभा राहतो. वसुबारसेपर्यंत बोटभर कोंब वर येतात, माची हिरवी होते, मातीचे मावळे पहाऱ्यावर उभे राहतात. संध्याकाळी वर बांबूच्या काड्यांचा, पतंगाच्या कागदाचा कंदील लागतो आणि त्याचा केशरी उजेड थेट बालेकिल्ल्यावर पडतो.