धनुष्यावर सापाची कातडी? नको गं बाई!



बांबूची धनुष्यं विकणाऱ्या गटाला एखादं गिऱ्हाईक विचारेल, “सापाची कातडी लावून द्याल का?” म्हणून आज आम्ही हा विषय घेतलाय.

ही पद्धत अमेरिकेतली. तिथले काही आदिवासी धनुष्याच्या पाठीवर जनावरांच्या शिरा सरसाने चिकटवत. दमट हवेने त्या सैल पडू नयेत म्हणून वर सापाची कातडी लावत. आता ती बहुतेक शोभेसाठीच लावतात. कातडी भिजवून मऊ करतात, चिकटवतात, आतली हवा बोटांनी काढतात. वाळल्यावर खवले खरवडून वर वॉर्निश देतात. याने बाण काही लांब जात नाही.

सापाने टाकलेल्या कातेला असा रंग नसतो. म्हणजे रंगीत कातडीसाठी बहुतेक वेळा साप मारला जातो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, घोणस, धामण, अजगर यांना मारणं आणि त्यांची कातडी विकणं गुन्हा आहे. तुरुंगवास होऊ शकतो. शिवाय धामण गेली की उंदीर वाढतात, धान्य आपलंच जातं.

गिऱ्हाइकाला नक्षीच हवी ना? मग बांबूवर रंगाने खवले काढा, मुठीला रंगीत दोरा गुंडाळा. आणि कुणी कातडी आणून दिली, तर घेऊ नका, वनरक्षकाला कळवा.